कपाटातला पाय

२ सप्टेंबर

पाय आला! तिप्पण्णाचा. कृत्रिम, डावा, गुडघ्याखालचा – आणि इतका सुबक की कारागिराला शाबासकी द्यावी. आमच्या ‘निर्धोक पाऊल’ निधीचे सोलापुरातले हे पहिलेच काम. आजवरच्या देणग्या दूर देशांत सुरुंग काढणाऱ्या पथकांना गेल्या, आणि सुरुंग म्हणजे काय हे मी शाळाशाळांतून समजावत फिरले. तिप्पण्णा अक्कलकोटकडचा. सीमेवरच्या रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून गेला आणि पेरलेल्या सुरुंगावर पाय पडला. सैनिक नव्हे, म्हणून निवृत्तिवेतन नाही.

आबासाहेबांना, म्हणजे आमच्या अध्यक्षांना, तत्काळ फोन केला.

“वा! कपाटात ठेवा, बाई. पाहुण्यांच्या शुभहस्ते देऊ.”

६ सप्टेंबर

पाहुणे परदेशी गेले आहेत. पाय कपाटात आहे.

९ सप्टेंबर

पाहुणे परतले – तर पितृपक्ष लागला! “दान चालतं हो. सत्कार चालत नाही,” आबासाहेब म्हणाले. मी विचारले, हे दान की सत्कार? “स्टेज आलं की सत्कारच की, बाई.” व्याख्या निर्दोष आहे. सुरुंगाला मात्र पंधरवडा कळत नाही. तो बाराही महिने आपले काम चोख करतो. त्याला कार्यकारिणी नसते.

१२ सप्टेंबर

तिप्पण्णा कुबड्यांवर आला. टॉवेलच्या कारखान्यात तो वॉचमन. जुन्या पायाची वाटी – उरलेला पाय जिच्यात बसतो ती – फुटल्यापासून बिनपगारी घरी. मालकाने निक्षून सांगितले आहे – बावीसला, घटस्थापनेच्या दिवशी, गेटवर उभा राहा; नाहीतर दुसरा माणूस ठेवतो.

“बाई, पाय आलाय म्हनं?”

“आला आहे.”

“मग कुटं हाय?”

“कपाटात.”

“कपाटाला आधीच चार पाय हायेत की! त्याला पाचवा कशाला?”

मी हसले. मग लाज वाटली.

१४ सप्टेंबर

कार्यकारिणीची सभा. फळ्यावर आकृती काढून क्रमाने समजावले: पाय न लावता राहिले की उरलेला भाग सुजतो, त्याचा आकार बदलतो, आणि ऑगस्टच्या मापाची वाटी पुढे बसेलच याची शाश्वती नाही. बोटातल्या अंगठीचे उदाहरणही दिले. सर्वांनी माना डोलावल्या. एकीने तर टिपणे घेतली!

“लई सुंदर समजावलं,” आबासाहेब म्हणाले. “हेच भाषण कार्यक्रमात ठेवू. पाच मिनिटं.”

कार्यक्रम अठ्ठावीसला. मी घटस्थापनेची आठवण करून दिली. “एवढा थांबला, अजून थोडं थांबंल की!” पुढचा पाऊण तास फलकाचा रंग निवडण्यात गेला. केशरी ठरला.

१७ सप्टेंबर

सांगून समजत नसेल तर प्रात्यक्षिक करावे – तीस वर्षे मुलांना मी याच पद्धतीने शिकवले. कपाटाची किल्ली कार्यवाहांकडे असते. कार्यवाह मी.

पाय काढला. खोक्यात सत्काराची एक चादर घडी करून ठेवली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन पाहिले – जवळजवळ तेवढेच! पुन्हा चकचकीत कागद, पुन्हा फीत. मग रिक्षाने शुक्रवार पेठेत तिप्पण्णाच्या खोलीवर. कारागिराला तिथेच बोलावले होते. वाटी घट्ट झालीच होती – सांगितले होते मी! त्याने आतून घासून बसवली.

तिप्पण्णा दारापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला.

“बाई, चोरीचा पाय लई हलका लागतोय.”

अठ्ठावीसला काय करायचे, हे त्यानेही विचारले नाही, मीही तो विषय काढला नाही.

२२ सप्टेंबर

गेटवर उभा आहे! रस्त्यापलीकडून पाहून आले. त्याने कडक सलाम ठोकला – मला की मालकाच्या गाडीला, कळले नाही.

२८ सप्टेंबर

पाहुणे आले. तिप्पण्णाचे नाव पुकारले गेले. तो नव्या पायावर, कुबड्यांवाचून, स्टेजच्या सात पायऱ्या चढला. शुभहस्ते चादरीचे खोके स्वीकारले, फोटोसाठी उभा राहिला आणि तसाच चालत खाली उतरला. टाळ्या थांबेनात. फीत कुणी सोडली नाही.

आबासाहेबांनी डोळे टिपले, माझ्याकडे झुकले. “बघितलं का, बाई? पाय नसून गडी कसा चालतोय!”