बत्तीसचे बासष्ट

मी, धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्या आमच्या कारखान्यात यीस्ट सांभाळणारी आणि अर्ध्या हिश्शाची मालकीण, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. फक्त तापलेले आहे.

१. राहते घर, कारखान्यातला माझा हिस्सा आणि शिल्लक असेल ते सर्व माझ्या एकुलत्या मुलीला. नऊ वर्षे ती माझ्याशी बोललेली नाही. चूक तिची नाही.

२. माझ्या यीस्टच्या बाटल्या, थर्मामीटर व सूक्ष्मदर्शक हेही तिलाच. माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकाने, त्यांना हात लावू नये. मक्याची शिजलेली खळ बत्तीस अंशांपर्यंत निवल्याशिवाय यीस्ट घालायचे नसते, एवढेही त्याला कधी धड लिहिता आले नाही.

३. भावाला एक पाटी आणि पेन्सिलींचा डबा. तो डावखुरा, लहानपणापासून तीनचा आकडा उलटा काढतो आणि त्याचा सहा होतो. नऊ वर्षांपूर्वी, यीस्ट किती अंशांवर घालायचे त्या चिठ्ठीवर त्याने असेच बत्तीसचे बासष्ट केले. मुलगी कामावर नवी होती, तरी तिने विचारले, "मामा, एवढ्या गरम टाकीत?"

हा म्हणाला, "लिहिलंय तसं कर. जास्त शहाणपण नको."

यीस्ट मेले, अख्खी टाकी आंबण्याऐवजी सडली, आणि याने सगळ्यांदेखत खापर तिच्या डोक्यावर फोडले. नात्याने मामा हा, पण मामा बनवला तिचा.

४. आता माझे. तिने ती चिठ्ठी माझ्यासमोर धरली होती. भावाला आकडे मीच शिकवले आहेत. अक्षर एका नजरेत ओळखले. तरी म्हणाले, "नीट वाचायला काय झालं होतं तुला?" भावाची अब्रू वाचवली आणि पोटची पोर गमावली. तेव्हापासून आम्हा मायलेकींत छत्तीसचा आकडा. भावाचा राग येतोच, पण स्वतःचा त्याहून जास्त येतो.

५. तिने मला माफ करावे, अशी अट नाही. ती आली नाही तरी सगळे तिचेच.

६. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. म्हणजे जन्मभर गप्प बसायचे आणि खरे बोलायचे ते मेल्यावर. मला ते जमणार नाही. तिसरे आणि चौथे कलम मी उद्या सकाळी पाळी बदलताना, भावाला शेजारी उभे करून, सगळ्यांसमोर स्वतः वाचणार आहे.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. कोणी भरीस घातलेले नाही.

साक्षीदार :
(सही) बॉयलरवाला. त्या दिवशी हजर होता. तोही गप्प राहिला.
(सही) शेजारची शिंपीण.

ठिकाण : कारखान्यातली यीस्टची खोली
दिनांक : १४ मार्च

लिहून ठेवणार :
(सही) तिची आई