‘तिसरा वेचा’चा खुलासा

३ डिसेंबर २००६, यवतमाळ
दारव्ह्याच्या बाजारात आज माझी कादंबरी, ‘तिसरा वेचा’, जाळली. तिकडच्या ओळखीच्या एका गुरुजींनी फोन करून सांगितलं. चार प्रती होत्या म्हणे, नीट पेटत नव्हत्या. बांधणी पक्की. मग कुणी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणल्या, कुणी घासलेट. दीड वर्ष लिहिलं, दिवाळीआधी छापून आलं. दारव्ह्यात खपलेल्या एकूण प्रती बहुतेक त्याच चार.
घोषणा : मेलेल्या शेतकऱ्याची बदनामी बंद करा. भाषण ज्याने केलं तो महिन्यातून दोनदा ऑफिसात माझ्या टेबलाशी कामं घेऊन येतो, म्याडम म्याडम करतो. पुस्तक वाचलेलं नाही हे नक्की. कादंबरीतल्या बाईचं नाव रुख्मा, तो सारखा रुक्मिणी म्हणत होता.
श्रीला सांगितलं. नवरा म्हणून बरा वागला. टीव्ही बंद केला, चहा ठेवला.

५ डिसें.
ऑफिसात मेमो. पूर्वपरवानगीशिवाय पुस्तक, जनभावना, सात दिवसांत लेखी खुलासा. साहेबांनी समोर बोलावून दिला नाही, शिपायाच्या हाती पाठवला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिला.
डब्याच्या वेळी दोघीजणी दुसऱ्या टेबलावर गेल्या. तिसरी जवळ सरकून हळूच विचारते, ते झोपायचं पान कितवं?
पान एकशे बारा. रुख्माचा नवरा विष घेऊन मरतो. दहाव्याला जमलेल्या बायांमधे ती सांगते, “तो गेला त्या रात्री मी पोटभर झोपली.” मग पोरीला घेऊन एसटीने निघून जाते. झालं. शिवी नाही, उघडं अंग नाही. बाई झोपली. एवढ्यावर बाजार पेटला.

९ डिसें.
पुण्याहून प्रकाशकांचा फोन. आवाजात सण. “एक शब्द मागे घेऊ नका.” तिकडची पत्रंही आली, तीन. एका मंडळाला जानेवारीत माझा सत्कार करायचाय. इथे जिन्यात माणसं बोलणं थांबवतात, तिकडे मी धाडसी.
खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. पेपरवाला आला होता, त्याला सांगून टाकलं, एकही शब्द मागे घेणार नाही. फोटोत पदर नीट आलाय.

१४ डिसें.
ते वाक्य माझं नाही. इथे तरी लिहावं.
नलूचं आहे. माझी मामेबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान, आर्णीजवळच्या खेड्यात दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा दादाराव गेला, फवारणीचं औषध पिऊन. त्या साली कापूस बोंडअळीने खाल्ला होता, त्यामुळे कुणाला दुसरं कारण शोधावं लागलं नाही. मी भेटायला गेले. मागच्या अंगणात आम्ही दोघीच होतो. तेव्हा म्हणाली. तो मारायचा. गोठ्याच्या खांबाला दाव्याने बांधायचा. अर्ध्या गावाला माहीत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बसमधे बसले आणि यवतमाळ यायच्या आत तिकिटाच्या मागे ते वाक्य टिपून घेतलं.
कादंबरीत गाव बदललं, नावं बदलली. दावं मात्र राहू दिलं. फार चांगलं उतरलं होतं ते पान.
आज नलूच्या दिराचा, सुधाकरचा फोन. शाळेत मास्तर आहे, पूर्ण वाचणारा बहुतेक तो एकटाच. ओरडला नाही. म्हणाला, “नाव बदललं म्हणून का गावाले समजत नाही, वहिनी कोण आणि माहा भाऊ कोण?” मी काल्पनिक वगैरे म्हणत होते. त्याने ऐकून घेतलं आणि ठेवला.

२१ डिसें.
नलू आली. न कळवता, दुपारी. आर्णीपर्यंत जीप, पुढे एसटी. कापसाच्या वेच्याला बाया लावून आली होती. पिशवीत तुरीच्या शेंगा, माझ्यासाठी.
मी दारातच बोलायला लागले. आधी मले पाणी दे म्हणाली.
पुस्तक वाचलेलं नव्हतं. सुधाकरने एक पान तिच्या म्हाताऱ्या सासूला वाचून दाखवलं, तेवढं दाराआडून ऐकलेलं. मला म्हणाली वाच. मी रुख्माची मुख्य पानं वाचली. दोन तास. माझ्याच पुस्तकाला माझा आवाज बसेना. ती शेंगा सोलत होती. दाव्याच्या पानावर हात थांबला, मग परत चालू. शेवटी रुख्मा एसटीत बसते तिथे म्हणाली, “तुह्या बाईले जायले जागा होती. कुठं गेली ते नाही लिवलं तू.”
नाही लिहिलं. सुचलं नव्हतं.
पेपरवाल्यांचंही सांगितलं तिने. दादाराव गेला तेव्हा मुंबईहून आले होते. दादारावचा फोटो हातात धरायला लावला. फोटोवाला म्हणे हसू नका. मी हासत नोती, म्हणाली, माहं तोंडच तसं हाये.
मग मुद्दा. तिच्या पोरीची, अर्चनाची सोयरीक दिग्रसकडे जुळत आली होती. मुलगा कृषी केंद्रात आहे, घर बरं. ‘पुस्तकातल्या बाईची पोरगी’ म्हणून आता त्यांनी थांबवलंय. सुधाकर त्यांच्याशी बोलला. पेपरात खुलासा आला तर ते तयार आहेत.
म्हटलं, सगळं काल्पनिक आहे असं देते. ते देता येईल.
“तेवढ्यानं होत नाही. लिव का अर्चनाचे बाबा चांगले होते. नावानं लिव.”
मी म्हटलं, नलू, हे कसं लिहू? मला माहीत आहे ना.
तिने टरफलं गोळा केली पदरात. म्हणाली, “तू खोटंच लिवते ना ताई, पुस्तकात? मंग हे बी लिव. माह्यासाठी.”
चारच्या गाडीने गेली. जेवली नाही.

२६ डिसें.
श्रीचं मत : देऊन टाक. मुदत वाढवून घेतलेला मेमोही मिटेल. प्रकाशकांचं मत : माघार घेतली तर उद्या कुणीही लिहिणार नाही. दोघांचंही बरोबर. दोघांनीही नलूला कधी दाव्यासकट पाहिलेलं नाही. मीही नाही, म्हणा.
दिवसभर स्वतःशी वाद. बाजारातल्या लोकांना वाटणार त्यांनी वाकवलं. सत्कारवाल्यांना वाटणार भ्याली. मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतंय ते पाहिलं, तर या दुसऱ्याचं. अशी बाई मी.

२ जाने. २००७
दिला खुलासा. हाताने लिहून, पेपरच्या कचेरीत स्वतः नेऊन.
‘माझ्या कादंबरीतील सर्व प्रसंग काल्पनिक आहेत. माझे नातेवाईक कै. दादाराव यांचा त्यांच्याशी संबंध नाही. ते कष्टाळू, कुटुंबवत्सल गृहस्थ होते. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी.’
कुटुंबवत्सल शब्दाला जरा वेळ लागला. मेलेल्यांसाठी ठेवलेल्या शब्दांतून उचलला. कादंबरीतल्या कुठल्याच वाक्याला मी इतकी घाबरले नव्हते.

६ जाने.
सगळं कसं सुरळीत. दारव्ह्यात पेढे वाटले. भाषणवाला टेबलाशी आला, म्याडम तुमचं मन मोठं. मेमो दप्तरी दाखल. डब्याला दोघी परत आमच्या टेबलावर, एकीने लोणचं आणलं.
पुण्याचा सत्कार काही कारणास्तव पुढे ढकलला. पत्रं आली होती तीन, त्यांतल्या एका बाईंनी चौथं पाठवलं. दोन ओळी. ‘तुमच्याकडून अपेक्षा होती. असो.’
‘असो’ला उत्तर काय देणार.
नलूचा फोन नाही.

२० जाने.
प्रकाशक. मला वाटलं संबंध तोडतील. उलट दुसरी आवृत्ती काढतायत. मुखपृष्ठावर आडवी लाल पट्टी टाकू का विचारतात : ‘वादग्रस्त’. खुलासाही आत छापायचा, सुरुवातीलाच. लोकांना तेच वाचायचं असतं, म्हणाले. मी हो-नाही काही बोलले नाही. ते हो समजले.
सोयरीक परत जुळली, हे सुधाकरकडून कळलं. एकोणीस फेब्रुवारीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्याच्याच घरी. आवाजात आता गोडवा. “तुमी भावाची इज्जत राखली.”

९ फेब्रु.
अर्चना ऑफिसात आली. कॉलेजच्या ड्रेसमधे, खांद्याला बॅग. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आर्णीला. आईला यवतमाळला पुस्तकं घ्यायला चालले सांगून आली. कँटीनला नेलं. समोसा घेतला, खाल्ला नाही.
पेपरचं कात्रण काढलं. “मावशी, हे तुमाले कोणी सांगितलं? बाबा चांगले होते म्हणून?”
तुझ्या आईने, म्हटलं.
मान हलवली. माहीत असल्यासारखी. मग म्हणाली, कादंबरी वाचली. मैत्रिणीकडून, दोनदा. त्यात पोरगी कोपऱ्यात बसून असते, आईला मार पडताना. “मी नोती बसत तशी. मी काकाच्या दारी जात होती पळत. काका दार उघडत नोते. उजेड दिसे आतला. मी आवाज देऊ, ते दिवा बंद करत.”
सुधाकर. भावाची इज्जत.
मला सुचलंच नव्हतं की ती पोरगी उठू शकते. माझ्या कादंबरीत ती बसून राहिली कारण मला तिचे डोळे हवे होते, बाकी काही नको होतं.
तिला काय हवंय विचारलं. लग्न मोडायचंय का? नाही म्हणाली, पोरगा चांगला दिसला, कमी बोलतो. पण साक्षगंधाच्या आधी त्याला सगळं सांगणार आहे. बाबा कसे होते, काकांनी काय केलं. आईला झोप लागली होती तेसुद्धा. ऐकून नाही म्हणाला तर नाही. “खोट्यावर नाही जाणार मी त्या घरी. मंग तिथंबी हेच होईल. अन् मले बोलताच येणार नाही, काहून का सुरुवातच खोटी.”
एकोणीस वर्षांची आहे. मी सत्तेचाळीस.
“आई म्हणन पोरगी बनवून बोलून राह्यली. काकाबी म्हणन. तुमी या फक्त. तो तुमाले विचारन, खरं का. तुमी हो म्हणा.”
मी तिला बसमधे बसवून दिलं. येते म्हटलं. येईन म्हणणं आणि हो म्हणणं यात फरक आहे, तो तिने ऐकला की नाही कुणास ठाऊक.

१३ फेब्रु.
श्री म्हणतो जाऊ नको. तुझ्या तोंडून एकदा खरं निघालं, एकदा खोटं. दोन्ही वेळा नलूचंच काही ना काही पणाला लागलं. तिसऱ्यांदा तू गप्प राहिलीस तर कुणी मरणार नाही.
बरोबर आहे का हे? मला कळत नाही. चार दिवसांत या वहीबाहेर एक ओळ लिहिली नाही.
नलूला फोन करून आधीच सांगावं का, असंही वाटलं. दोनदा नंबर फिरवला. मग पोरीने विश्वास टाकलाय म्हणून ठेवला. मग आईशी दगा होतोय म्हणून परत उचलला. शेवटी पोस्टाच्या रांगेत उभी राहिले, दुसरं काही काम नव्हतं तरी.

१८ फेब्रु.
नलूचा फोन, सकाळी, आर्णीच्या एसटीडीवरून. इतक्या दिवसांनी आवाज. थकलेली पण हलकी. सामान घ्यायला गेली होती. शेवटची वेचणी झाली, म्हणाली, आता वावरात काही नाही, गुरं सोडली. उद्या माहेरकडून बसायला कुणीच नाही, मामा-मामी राहिले नाहीत. “तूच हाये माह्याकडची. माह्या बाजूनं बसशील ना?”
बसते म्हटलं.
“मागचं मी काही मनात ठेवलं नाही ताई. तू लिवून देलं, माह्या पोरीचं झालं. तुले पाप लागू नये म्हणून मी देवाले सांगितलं.”
माझ्यासाठी देवाशी बोलली. मी तिच्याशी कधी बोलले? लिहिलं फक्त.

१९ फेब्रु., सकाळ
साडी काढून ठेवली, हिरवी. अर्चनासाठी घेतलेली पैठणी पिशवीत. श्रीने रजेचा अर्ज नेऊन देतो म्हटलं. दारात म्हणाला, काय सांगशील? बघू म्हटलं. त्याने असं पाहिलं की मीच नजर वळवली.
दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती कालच्या पार्सलने आल्या. लाल पट्टी. फोडल्या नाहीत.
नलूला वाटतं मी तिच्या बाजूने येतेय. अर्चनाला वाटतं तिच्या. दोघी आर्णीच्या स्टँडवर घ्यायला येणार आहेत. पोराकडचे अकराला येतील, पोराला अर्चनाने त्याआधीच एकट्याला बोलावलंय, सुधाकरच्या ओसरीवर.
नऊची आर्णी गाडी. श्रीने रिक्षा बोलावली आहे, खाली हॉर्न वाजतोय.