उजव्या चाकाची चिठ्ठी

बाबा, तुम्ही असता तर घरात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं असतं, "मोडक्याचा डबा कुठी आहे वं?" आणि मला खाली बघावं लागलं असतं, कारण कितीतरी महिने माझ्याकडे तसा डबाच नव्हता. तुम्ही कळमेश्वरच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलं, कुठला सुटा भाग किती ठेवायचा हे ठरवण्यात केस पांढरे केले, आणि तुमची मुलगी मोडलेले तुकडे केरात लोटत राहिली.

कशाचे तुकडे, ते सांगते. तुमच्या जावयांनी पन्नाशीत रिमोटवर चालणारा एक ट्रक घेतला होता, हातभर लांब, मोठ्या चाकांचा. मी चिडवायची, पोरं मोठी झाली आणि आता बापाला खेळणं आलं. दर रविवारी हुडकेश्वरकडच्या मोकळ्या प्लॉटवर धूळ उडवून यायचे. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं, उजव्या हातात चमचासुद्धा टिकेना. एक दिवस कपाट आवरताना मी तो ट्रक बाहेर काढला, तर त्यांनी खुणेने रिमोट मागितला. त्याला डाव्या हाताच्या बोटाने चाप ओढायचा असतो आणि उजव्या हाताने एक लहानसं चाक फिरवायचं. चमचा न धरणारा तो हात चाकावर गेला, आणि त्याने चाक स्वतःकडे ओढलं. ट्रक डावीकडे वळला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओटा धरून रडले. तेव्हापासून रोज पाच वाजता मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ते खुर्चीत, आणि मी ट्रकमागे धावायला. इतक्या औषधांत तेवढं एकच लागू पडलं होतं. ट्रक बंद पडला की हातही बंद, हे मला कळून चुकलं होतं.

आणि ट्रक मोडायचा, बाबा. खांबावर आदळला की काही ना काही तुटायचंच. दुकानदाराने सांगितलं, "मॅडम, हे मॉडल बंद झालं. जे पाहिजे ते आत्ताच घेऊन ठेवा, मंग भेटणार नाही." मी घाबरले. घाबरलेलं माणूस मोठ्या वस्तूला हात घालतं, तसं मी केलं. जादा मोटर घेतली, जादा रिमोट घेतला, दोन बॅटऱ्या घेतल्या. आठवड्याच्या आत पुढच्या चाकाला धरून ठेवणारा प्लास्टिकचा दांडा मोडला. बोटाएवढा. दुकानदार त्याला आर्म म्हणतो. तोच माझ्याकडे नव्हता. तो मागवून येईपर्यंत ट्रक पाच दिवस पडून राहिला, आणि पाचव्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताची मूठ पुन्हा घट्ट मिटलेली होती. एकेक बोट सोडवताना मला तुमचा डबा आठवला.

मी सहावीत आहे, उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत, आणि तुम्ही मला बसने कारखान्यात घेऊन गेला आहात. टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. फिटर मोडका भाग आणून देतो, तुम्ही त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधता: कुठल्या मशीनचा, कधी, कशाने मोडला. महिन्याच्या शेवटी डबा वर्तमानपत्रावर उपडा करता आणि बराच वेळ नुसते बघत बसता. "महाग काय ते नाही पाहाचं," तुम्ही म्हणता. "मोडते काय, ते पाहाचं. मोडलेलं फेकू नको वं, तेच सांगते काय मंगवाचं ते." त्या दिवशी मला वाटलं, आपणही मदत करावी. एका तुटक्या बोल्टला चिठ्ठी बांधली आणि मनानेच लिहिलं, जुना झाला होता. तुम्ही ती वाचली. आवाज चढवला नाही. "तुले कोणं सांगतलं जुना होता म्हणून? मालूम नाही त मालूम नाही लिव. खोट्या चिठ्ठीनं उद्या अख्खी लाइन बंद पडते." मग ती चिठ्ठी फाडून तुम्ही माझ्याकडूनच नवी लिहून घेतलीत. घरी येताना बसच्या खिडकीतून येणारी गरम हवा तोंडावर घेत मी बसले होते.

मग मीही डबा केला. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधली. महिन्याने वर्तमानपत्रावर उपडा केला आणि तुमच्यासारखी बघत बसले. सगळे आर्म डाव्या बाजूचे. तुमच्या जावयांचा हात चाक नुसतं स्वतःकडे ओढू शकत होता, पुढे ढकलू शकत नव्हता. ट्रकला डावीकडेच वळता येत होतं, म्हणून खांबही डाव्याच अंगाला लागत होता. डॉक्टरांनी न सांगितलेलं त्या डब्याने सांगितलं. मी दुकानात जाऊन असतील तेवढे डावे आर्म मागितले. तो हसला, "गाडी एकाच साइडनं ठोकता का जी?" उजवे दोनच उरले होते, तेही त्याने पाकिटात टाकले.

आणि एका संध्याकाळी ट्रक उजवीकडे वळला. खरंच वळला, बाबा. मीटरच्या पेटीखालच्या भिंतीवर जाऊन धडकला आणि उजवा आर्म मोडला. मोडलेल्या वस्तूचा इतका आनंद कधी कोणाला झाला नसेल. मी चिठ्ठी लिहिली, 'उजवीकडे वळताना', आणि तो तुकडा आधी देवापुढे ठेवला, मग डब्यात. दोन उजव्यांपैकी एक बसवला, एक उरला.

पुढच्याच आठवड्यात व्यायाम करून घेणारी बाई त्यांच्यासमोरच मला म्हणाली, "काकू, आता जे आलं ते आलं. यापुढे फार आशा नका ठेवू." ती वाईट नाही. पण त्यांना बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं, हे तिच्या लक्षात राहिलं नाही. तेव्हापासून ते माझ्या समाधानापुरता ट्रक पुढे नेतात, मागे आणतात आणि रिमोट मांडीवर ठेवून देतात. सरळ रेषेत. उजवा हात चाकाला लावतच नाहीत. दीड महिना झाला, काही मोडलेलं नाही. पाकिटात डावे आर्म भरपूर, आणि मागचे तुकडे काढून ठेवल्यापासून डबा रिकामा. मोडू दे रे देवा काहीतरी, असं मी रोज पार्किंगमध्ये उभी राहून म्हणते. परवापासून तर खाली यायलाही मान हलवून नाही म्हणू लागले.

आज सकाळी मी पाकिटातला तो शेवटचा उजवा आर्म काढला. ओट्याच्या कडेवर ठेवून पोळपाटाने मोडला. पहिल्या फटक्यात तुटला नाही. मग दोऱ्याने चिठ्ठी बांधली, लिहिलं, 'उजवीकडे वळताना', आणि डबा त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर उपडा केला. त्यांनी डाव्या हाताने चिठ्ठी सरळ केली, वाचली, पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघून कष्टाने एक शब्द काढला, "कधी?"

मी म्हटलं, "काल."

काल ट्रक खाली नेलाच नव्हता, बाबा, आणि हे त्यांनाही माहीत आहे. तरी त्यांनी रिमोट मागितला. आता पाच वाजत आले आहेत, ते चप्पल घालून खुर्चीत बसले आहेत, आणि पाकिटात उजवा एकही नाही.