राजेशसरांची जवळची वाट

३ नोव्हेंबर, सोमवार

नारळ फुटला. राजेशसरांनी दादरच्या सर्व्हर रूममध्ये जाऊन केबलला हार घातला. केबलला! मग परळच्या ऑफिसात पेढे. दादर आणि वरळी ही आमची दोन केंद्रं आता नव्या केबलने थेट जोडली गेली. दाराबाहेर बोर्ड लागलाय – ‘तुमचं इंटरनेट आता स्वतःच जवळची वाट शोधणार.’

मी म्हटलं, "सर, सगळ्यांनी एकच जवळची वाट शोधली तर?"

"ऋता, शुभ दिवशी तरी इंजिनिअर होऊ नकोस."

बरं. नाही झाले. पेढा खाल्ला.

५ नोव्हेंबर, बुधवार

नेट हळू.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अजून हळू. ऑफिसचा फोन खाली ठेवता येत नाही. घरी आले तर शेजारच्या अंबिकाकाकी दारातच उभ्या. "गो ऋता, तुझ्या कंपनीचा नेट मेला काय? माझी सीरियल लागतच नाय. नुसती चकरी फिरता." काकींचं लालबागमध्ये आयुष्य गेलं, पण रागावल्या की थेट मालवणात पोचतात.

सर म्हणतात, केबल नवीन आहे, रुळेल हळूहळू. केबल आहे की सून?

९ नोव्हेंबर, रविवार

आज मात्र हसू आलं नाही.

लवूचा सीमाशी व्हिडिओ कॉल होता. आई-बाबा गेल्यापासून घरात मी आणि हा धाकटा भाऊ, दोघंच. लवूला जन्मापासून ऐकू येत नाही. सीमालाही नाही. ती कणकवलीला मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. दिवाळीत यांचं जमलं. दोघं बोलतात ते हातांनी, त्यामुळे आमच्या घरात कॉल म्हणजे चित्र. चित्र थांबलं की बोलणं थांबलं.

सीमाने विचारलं, लग्नानंतर तू इकडे येशील का? लवू म्हणत होता, "नाही म्हणत नाही, पण मला विचार करू दे." तिकडे पोचलं नुसतं ‘नाही’. पुढचा लवू गोठला. चांगला मिनिटभर तिच्या स्क्रीनवर नकार देत उभा. तिने कॉल बंद केला.

मी म्हटलं, अरे मग लिहून पाठव ना. तो भडकला. हात फाडफाड चालले – "तू भांडतेस तेव्हा अर्ज लिहितेस का?"

मुद्दा बरोबर आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सरांच्या केबिनमध्ये गेले. कागदावर चित्र काढून दाखवलं. परळहून बाहेरच्या जगात जायला आपल्या दोन वाटा होत्या. एक दादरवरून, एक वरळीवरून. दोन्हींत एक तुकडा अरुंद, गर्दीने तुंबणारा. दुसरा लांबचा पण ऐसपैस. दादरच्या वाटेला अरुंद तुकडा सुरुवातीला, वरळीच्या वाटेला शेवटी. लोक आपोआप निम्मेनिम्मे विभागले जायचे. नव्या केबलने नेमके दोन्ही अरुंद तुकडे जोडून दिले. आता प्रत्येक गिऱ्हाइकाचा राउटरचा डबा स्वतःपुरतं बघतो – लांबचा तुकडा कशाला? सगळेच तसं बघतात, आणि अख्खा गाव दोन्ही अरुंद गल्ल्यांत. एकट्याने शहाणपणा करून जुन्या वाटेने जावं, तर त्याला आणखी उशीर. म्हणून कोणी हलत नाही.

"म्हणजे रस्ता वाढवला म्हणून गर्दी वाढली?"

"गर्दी तेवढीच आहे, सर. एकाच ठिकाणी आलीय."

"लोक काय मूर्ख आहेत?"

"नाही ना. मूर्ख असते तर काही जण चुकून तरी लांबच्या वाटेने गेले असते."

"मग उपाय?"

"केबल बंद करू."

सरांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे हार घातलेल्या केबलसोबत त्यांचा फोटो. म्हणाले, "अजून एक टाकूया का?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लवू जेवत नाही नीट. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवतो आणि घरी येऊन स्वतः दोन घास चावत नाही. सीमाचा फक्त एक मेसेज – रविवारी शेवटचं बोलू. ‘शेवटचं’ म्हणजे काय, हे विचारायची आमची हिंमत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

केली बंद. न विचारता. कॉलच्या आधी घरूनच लॉग-इन केलं आणि नवी केबल झोपवली. नोकरी गेली तर परळमध्ये पेढे वाटायचं काम तरी मिळेल.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून सीरियलमधल्या सासूचा आवाज खणखणीत यायला लागला. स्क्रीनवर सीमा. हलणारी, रागावलेली, अख्खी. लवूने सगळं पुन्हा सांगितलं, एकही शब्द न गाळता. ती आधी ऐकत नव्हती – म्हणजे बघत नव्हती, तोंड फिरवून बसली होती. मग बघायला लागली. मग दोघं एकदमच बोलायला लागले.

मी स्वयंपाकघरात गेले. हातांचं बोलणं चोरून ऐकता येत नाही, बघावंच लागतं. बरं दिसलं नसतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात शांतता. एकही तक्रार नाही. राजेशसर छाती काढून फिरतायत. "बघ, म्हटलं नव्हतं? रुळली केबल." एका गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून अभिनंदन स्वीकारलं.

मी गप्प.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गप्प राहवलं नाही. उद्या वरळीत भाषण देतील आणि खरंच आणखी एक केबल टाकतील. सांगितलं – "सर, ती बंद आहे. रविवारपासून. मी केली." आणि राजीनाम्याची तयारी ठेवून उभी राहिले.

सरांनी पेन उघडलं, मिटलं. मग उठून केबिनचं दार लावलं.

"हे अजून कोणाला माहितीय?"

"कोणालाच नाही."

"मग नसू दे. बंदच राहू दे." मग म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं होतं, सर."

"हं."

बोर्ड तसाच राहणार म्हणे. जवळची वाट शोधणारं इंटरनेट, जवळची वाट बंद केल्यामुळे जोरात चालू. नोकरी शाबूत. संध्याकाळी दादरला जाऊन लवूसाठी सुरमई घेतली. दोन तुकडे खाल्ले त्याने, वर भातही मागितला.

२३ नोव्हेंबर, रविवार

लवू कणकवलीला जातोय. कायमचा. त्या रविवारीच दोघांचं ठरलं होतं, मला सांगायला आठवडा लागला त्याला. दातांचं काम तिकडेही मिळतं. सीमाची शाळा मात्र इथे आणता येणार नाही. सगळं बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "आणि तू?"

म्हटलं, मला काय धाड भरलीय. तोंडानेच म्हटलं. हात वर आलेच नाहीत.