रिकाम्या पेल्याचा वास

१९ मार्च

हरले तर चहाची पानं परतायची कढई सोडायची! तोंडातून निघून गेलं, आता गिळता येत नाही.

कुआंगशेठ कुनमिंग शहराहून आले, वीस वर्षं आमचाच चहा नेणारे. म्हणाले, यंदाचा पहिल्या खुडीचा सगळा चहा एकाच हातचा हवा; सासूचा की सुनेचा, तुम्हीच ठरवा. सून म्हणते कढई कडक तापवा, पान लगेच घमघमतं. मी म्हणते मंद आच. पान जिवंत राहिलं तर वर्षानुवर्षं पिकत जातं.

सून यूकान म्हणाली, "आई, तोवर गिऱ्हाईक काय देवळात जप करत बसणार?"

जीभ बघा. मग मीही चढले. माळ्यावर नऊ वर्षांपूर्वी दाबलेल्या चहाच्या, भाकरीएवढ्या दोन चकत्या आहेत, एक माझी, एक तिची. तीच झाडं, तोच आठवडा. ती नुकती लग्न होऊन आली होती. बांबूच्या सालीत बांधून माझ्या लेकानं, आयसाननं, वर नावं घातली. त्या फोडायच्या. शेठ सांगतील.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून लिहिते. तिच्याबद्दलचं वाईटही तिनंच लिहायचं, अशी बोली आहे. सहीच्या जागी मी माझी चकती दाबताना तिच्या पोटात डोक्याच्या फडक्याचा काळा दोरा घालते.

२० मार्च

गंमत आठवली. त्या वर्षी ताजा असताना माझाच चहा सगळ्यांना आवडला होता. तिच्या चहाला मी म्हटलं होतं — ओल्या चटईचा वास! वर्षभर हसले.

यूकान लिहिता लिहिता थांबली. काय गं? म्हणते, काही नाही, हात दुखला.

मलाही एक गोष्ट सांगायची होती. पण लिहिणारीच समोर बसली आहे. राहू दे.

२१ मार्च

झोप नाही. बासष्ट वर्षं त्या कढईत हात घातलाय. सोडली तर हातांना काय सांगू?

२२ मार्च

जिंकले!!

पाणी आयसाननं ओतलं. आधी सुनेची चकती, कडेचा तुकडा मोडून. पहिल्या वाफेला भाजलेल्या शेंगांचा थोडा भास, मग काहीच नाही. दुसरं पाणी, तिसरं पाणी — पावसात विसरलेलं गवत. शेठनी मान हलवली. यूकाननं पेल्यातच बघितलं.

मग माझी. झाकण उघडलं आणि खोलीत आमचा डोंगर येऊन बसला. आधी कापूर, चहाच्या झाडांत उभ्या असलेल्या त्या जुन्या कापराच्या झाडांचा. मग रानमध. मग पावसाळ्यातलं लाकूड. घोट घेतला तर कडू! आमच्या बुलांग डोंगराचा चहा आधी कानफटात मारतो, मग जवळ घेतो. नदीपलीकडच्या इवू डोंगराचा चहा म्हणजे गोड बोलणारा जावई. आमचा तसा नाही. गिळल्यावर घशातून गोडवा असा वर आला की माझे सुपारीनं काळे झालेले दातसुद्धा गोड झाले.

नऊ वेळा पाणी घातलं तरी दमेना. शेठनी पेला रिकामा केला आणि खाली ठेवलाच नाही. नाकाशी धरून बसले. म्हणाले, "आजी, ह्या पेल्यात अजून कुणीतरी राहतंय."

सगळा चहा माझ्या हातचा. कढई माझी.

मला मनातून मात्र वाटलं, डोंगरानं माझी लाज राखली. का, ते विचारू नये.

२३ मार्च

देवळावरून लांबच्या वाटेनं घरी आले, कुणीतरी निकाल विचारेल म्हणून. तीनदा. भेटेल त्याला वाटलं, मला वाट सापडत नाही.

२४ मार्च

यूकाननं चिकट भाताबरोबर आंबवलेले बांबूचे कोंब वाढले. टोमणा मारला तर आणखी भात वाढला. जिंकल्यावर टोमणे मारायला समोरच्यानं थोडी तरी साथ द्यावी की नाही?

२५ मार्च

जिंकलेली चकती आज मधोमध फोडली, घरच्यांना प्यायला. दोरा नाही. पुन्हा चाचपलं. नाही. दुसरी फोडली — पोटात माझा काळा दोरा! आयसाननं माझं नाव तिच्या चकतीवर आणि तिचं माझ्या चकतीवर घातलं होतं.

लिही, यूकान, थांबू नको. नव्या सुनेपुढे माझ्या चहाचा वास कमी पडू नये म्हणून त्या वर्षी मी गुपचूप चुलीत जास्तीची लाकडं सारली होती. आणि तू काय केलंस?

ती म्हणते, "आल्यापासून तुमचे हात बघत होते, आई. तशीच मंद आच ठेवली. मग तुम्ही ओली चटई म्हणालात, तेव्हापासून कढई तापवते."

उद्यापासून कढई तिची. मी शेजारी बसेन, लाकडं काढायला.

आणि हेही लिही — मंद आच जिंकते, असं मी बोललेच होते!