कॉफीआधीची अट

१७ ऑगस्ट, गुरुवार

निकाल! धाकट्या बहिणीला, सिवारला, बारावीत त्र्याण्णव पूर्णांक चार टक्के. सकाळपासून गल्लीत फटाक्यांचा धूर आणि गाड्यांचे भोंगे. काठावर पास झालेली पोरंसुद्धा गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत होती. आईने कुनाफ्याच्या मिठाईचं मोठं ताट मागवलं, ते तासाभरात संपलं, मग दुसरं. शेजारीण दारातूनच ओरडली, "डॉक्टरच्या आई, मुबारक हो!" आई लाजली. खरंच लाजली, साठाव्या वर्षी.

इथे जॉर्डनमध्ये सरकारी मेडिकलला अठ्ठ्याण्णवच्या खाली कुणी दारातही उभं करत नाही. म्हणजे परदेशच. सिवारला हे पक्कं माहीत आहे, म्हणून तर जुलैतच तीन ठिकाणी अर्ज टाकून ठेवले. टाकले म्हणजे मी टाकले. फॉर्म मी भरले, दाखल्यांचं भाषांतर मी करून आणलं, शिक्क्यांसाठी अम्मानच्या खेपा मी घातल्या.

माझ्या निकालालाही असंच झालं होतं. पंधरा वर्षं झाली. चार महिने सगळे मला "डॉक्टर रुवैदा" म्हणायचे. मग हळूहळू बंद झाले. आता इर्बिदच्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. बेडकाचं हृदय फळ्यावर काढते. छान काढते.

१९ ऑगस्ट

कैरो, जॉर्जियातलं तिबिलिसी, रुमानियातलं क्लुज. जेवणाच्या टेबलावर तिन्हींचे कागद पसरले. आपल्याकडे मान्यता आहे का, शिकवतात कुठल्या भाषेत, परत आल्यावरच्या परीक्षेत किती जण पास होतात — सगळं लिहून काढलं. एजंट फोनवर म्हणतो, "बाई, डोळे झाकून पाठवा!" डोळे झाकून मी भोपळासुद्धा घेत नाही.

माझं मत कैरो. भाषा आपली, विमान तासाभराचं, आत्याचं सासर तिथे. सिवार सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, क्लुज."

"का पण?"

"तुझ्या कपाटातल्या खोक्यात ते पत्र होतं ना, निळ्या शिक्क्याचं? लहानपणी मी चोरून बघायचे. तेव्हाच ठरवलं होतं, हेच कॉलेज."

माझं पत्र. माझं कॉलेज. आणि ही ते बिया सोलता सोलता मागते!

क्लुजच्या नावाखाली रेघ ओढली.

२१ ऑगस्ट

कैरोचं पुन्हा सांगून पाहिलं. नाहीच म्हणते.

२४ ऑगस्ट, गुरुवार

आज बाबांच्या कानावर घातलं. जेवण होईपर्यंत आई थांबली, मग हळूच विषय काढला. बाबांनी मेरमियाच्या पाल्याचा चहा खाली ठेवला. "एकटी मुलगी रुमानियात? सहा वर्षं?"

आई म्हणाली, "काळ बदललाय."

"रुवैदाला पाठवलं का मी? मग हिला कोणत्या तोंडाने पाठवू? दोघी माझ्याच मुली. न्याय एकच."

न्याय! पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला जे आलं ते आता न्याय म्हणून हिच्यापुढे ठेवायचं. मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. मनातून बरं वाटलं का? वाटलं. घटकाभर वाटलं. मग सिवारचं तोंड बघितलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

तिने रडून रडून डोळे सुजवले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. काय सांगणार होते? की रडू नकोस, पुढे बेडूक शिकवशील?

३० ऑगस्ट, बुधवार

वाट निघाली — आणि कुठून निघाली! ओळखीतल्या अबू कुतैबाकडून निरोप आलाय. त्यांचा मुलगा कुतैबा दातांचा डॉक्टर, नोकरी क्लुजलाच, सुट्टीवर आलाय आणि मुली बघतोय. आई तर खुर्चीवरून उठलीच. बाबा म्हणाले, "नवऱ्याबरोबर जायचं असेल तर चंद्रावर जा म्हणावं."

सिवारला विचारलं, "तुला आवडला का?"

"मला कॉलेज आवडलंय. नवरा बरोबर येत असेल तर येऊ दे बापडा." आणि हसली. अठरा वर्षांची आहे, हसायला येतंच.

माझ्या वेळी क्लुजमध्ये कुणी कुतैबा नव्हता.

५ सप्टेंबर, मंगळवार

क्लुजचं पत्र आलं. घेतलंय! १ ऑक्टोबरपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा जाणार. शिक्का अजून तसाच निळा. सिवारने पत्राचा मुका घेतला, मग माझा.

कुतैबा दिवाणखान्यात बसून गेला, आईसमोर. भला वाटला. "शिकू दे ना, माझी काय हरकत," म्हणाला. पण त्याच्या वडिलांपुढे त्याचा आवाज निघत नाही, ते चहा देतानाच दिसलं.

म्हणून बाबांनी ठरवलं — अट जाहाच्या दिवशी, त्यांची माणसं रीतसर मागणी घालायला येतील तेव्हा, कॉफीआधी, सगळ्यांसमोर. "सहा वर्षं शिक्षण, कुणी मध्ये येणार नाही, आणि हेच निकाहाच्या करारनाम्यात लिहायचं." साठ माणसं ऐकतील, मग अबू कुतैबा कुठे पळतो!

आपल्या बाजूने बोलणार हाजी मिथ्काल काका. बाबांचे चुलते, घराण्यात सगळ्यांत मोठे. चौऱ्याऐंशी. त्यांच्या शब्दावर खुनाचे तंटे मिटलेत या गावात. पण हल्ली विसरतात. परवा चष्मा शोधत अर्धा तास घर डोक्यावर घेतलं, आणि चष्मा कपाळावर! काखेत कळसा नि गावाला वळसा. स्वतःच म्हणाले, "रुवैदा, मला चिठ्ठी लिहून दे गं बाई. मोठ्या अक्षरात. कोटाच्या खिशात ठेव, म्हणजे उभा राहिलो की हात घालीन."

काकी गेल्यापासून त्यांचे कपडे मीच बघते. भिंतीला भिंत लागून घर.

१४ सप्टेंबर, गुरुवार

उद्या जाहा. साठ खुर्च्या आल्या. कॉफी दळली, वेलची घरभर. सिवारचा ड्रेस दोनदा उसवून शिवला. हाजी काकांचा काळा कोट इस्त्री केला, बटण लावलं. चिठ्ठी लिहिली — तीन ओळी, मोठी अक्षरं, सिवारचं नाव, कॉलेजचं नाव, सहा वर्षं. कॉलेजचं नाव लिहिताना पेन अडकलं, शाई संपत आली होती. दुसरं पेन घेतलं.

सिवार आत येऊन म्हणाली, "ताई, तू नसतीस तर माझं काय झालं असतं?"

दमले आहे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

कसं लिहू?

नमाजानंतर आले. साठ म्हणता म्हणता सत्तर. आम्ही बायका आतल्या खोलीत, दार बोटभर उघडं. कॉफी फिरली. त्यांचा म्होरक्या, पांढऱ्या दाढीचा, त्याने कप समोर ठेवला — हात लावला नाही. कुणीच लावला नाही. तो बोलला, लांबलचक, कुराणाच्या आयतांसकट. शेवटी म्हणाला, "आमची मागणी मान्य होईपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य."

हाजी काका उभे राहिले. सुरुवात काय सुंदर केली! घराण्याची नावं, आजोबांची दोस्ती, एकही नाव चुकलं नाही. मग कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या. मग बाहेरच्या दोन्ही. मग खालच्या झग्याच्या. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "चिठ्ठी शोधताहेत... चिठ्ठी कुठे गेली?"

बाबा जमिनीकडे बघत होते. ते बोलू शकत नव्हते. घरातला मोठा माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालणं म्हणजे भर सभेत त्याची पगडी उतरवणं. सगळे काकांकडे बघत होते. ते असे उभे... किती वेळ? मला तर तास वाटला.

मग त्यांनी हात खाली सोडला. हसले. म्हणाले, "तुम्ही आमचेच. मुलगी तुमचीच. घ्या, कॉफी प्या."

सत्तर कप एकदम उचलले गेले. बाहेर लगेच बार उडाले. सिवारने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली. "अट?" ती म्हणाली. "ताई, अट?"

१६ सप्टेंबर

बाबा सकाळीच अबू कुतैबाकडे गेले, तासात परत. दारातच कोसळल्यासारखे बसले. तो म्हणे हसला. म्हणाला, "कॉफी प्यायल्यावर अट? सत्तर जणांच्या पोटात गेलेली कॉफी आता बाहेर काढू का?"

आईचा सगळा राग हाजी काकांवर. "म्हाताऱ्याने पोरीचं वाटोळं केलं! नसतं झेपत तर उभं कशाला राहायचं?" भिंत पातळ आहे, पलीकडे ऐकू गेलं असेल.

आईने मला विचारलं, "तू ठेवली होतीस ना चिठ्ठी?"

हो म्हटलं.

१८ सप्टेंबर, सोमवार

करारनामा झाला. काजी घरी आला. "अटी काही?" विचारलं. अबू कुतैबा म्हणाला, "आपल्या माणसांत कसल्या अटी!" बाबा गप्प. काजीने रकान्यात आडवी रेघ मारली. एक रेघ, इतकंच.

सिवारने सही करायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा काहीही बोलू शकले असते. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. आदल्या दिवशी तिला विचारलं होतं, नाही म्हणतेस का. ती म्हणाली, "जाहानंतर नाही म्हटलं तर हाजी काका मेल्याशिवाय राहतील का? आणि कुतैबा म्हणतो, तिथे गेल्यावर बघू."

केली सही.

२४ सप्टेंबर, रविवार

"तिथे गेल्यावर"ही नाही. अबू कुतैबाचं फर्मान — आधी दोन वर्षं सून सासूजवळ राहील, घरची रीत शिकेल, एखादं मूल होईल, मग बघू. कुतैबा एकटाच परत चाललाय. सिवारला फोनवर म्हणाला, "वडिलांना मी काय सांगू, तूच सांग." वडिलांसमोर तोंडात गुळणी धरून बसणारा! दात काढणारा डॉक्टर म्हणे.

सिवार रडली नाही. याचीच जास्त भीती वाटते. तिने क्लुजचं पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं. "तुझ्या खोक्यात ठेव ताई. एकाला दोन होतील."

२७ सप्टेंबर

हाजी काका जेवत नाहीत. मी मटणभाताचं मनसफ घेऊन गेले तर बोट लावून ठेवलं. घराण्याच्या बैठकीत मुलाला सांगून टाकलं, यापुढे कुठल्याही जाहात मी बोलणार नाही, माझं डोकं गेलं. तो मुलगा त्यांना अम्मानला मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार आहे. साठ वर्षं ज्यांच्या शब्दाने गाव चाललं, ते आता स्वतःच्या नातवंडांची नावं पाठ करत बसतात. उजळणी करतात! मला म्हणतात, "तू घे परीक्षा."

सगळी बरोबर आली. एकही चुकलं नाही.

मग माझा हात धरून म्हणाले, "रुवैदा, तू माझ्या हातात दिली होतीस की खिशात ठेवली होतीस?"

"खिशात, काका."

"मग मीच पाडली कुठेतरी. पोरीला सांग, या म्हाताऱ्याला माफ कर म्हणावं."

१ ऑक्टोबर, रविवार

आज हजर व्हायचं होतं. सिवारने सकाळी भांडी घासली, दुपारी झोपली. क्लुजच्या जागेवर दुसरं कुणी बसलं असेल.

३ ऑक्टोबर

हाजी काका अम्मानहून आले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने डोकं लख्ख आहे. काकांनी विश्वास ठेवला नाही. "त्याला काय कळतंय," म्हणाले आणि रडले.

चिठ्ठी या वहीत आहे. १४ सप्टेंबरच्या पानाला लावून ठेवलीय, तीन ओळी, मोठी अक्षरं. कोटात मी ती ठेवलीच नव्हती.