म्हशीच्या पाठीवरचा हात

आत्याबाई, काल नातीनं एक शब्द सांगितला आणि मला तुमची म्हैस आठवली. नात वकिलीचं शिकते. तिच्या पुस्तकात लॅटिन म्हणून कुठल्याशा जुन्या भाषेचे शब्द असतात, त्याचाच नाद लागलाय तिला. मी आपली शेंगा सोलत बसले होते. म्हणाली, "आज्जी, तोंडपुज्या माणसाला तिकडं 'पाल्पातोर' म्हणायचे. म्हणजे हात फिरवून गोंजारणारा. आधी जनावराला गोंजारायचं, मग मोठ्या माणसाला शब्दांनी. जुन्या नाटकांत हा जेवणासाठी श्रीमंताच्या मागं मागं असतो." मला इतकं हसू आलं की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. दुसरीतून शाळा सुटलेली मी, पण हे काम मी चाळीस वर्षं करतेय की!

तुमच्या घरात नवी सून होते. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर तुमची म्हैस उभी, गिऱ्हाईक ताज्या धारेसाठी पेला धरून समोर. मी येता-जाता तुमचं कौतुक करायची, लुगडं छान, आमटी छान. त्या दिवशी पहिल्यांदा मला धारेला बसवलंत आणि म्हैस पान्हा सोडेना. "ए पोरी, मला काय हात फिरवतीस? तिला फिरव!" तुम्ही ओरडलात, सगळा कट्टा हसला. "आन् खोटं बोलू नगंस, जनावराला कळतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हटलं, "बाई, मला रडू येतंय." तेव्हा कुठं धार लागली. अजून डोळे मिटले की तो कोमट फेस पेल्यात चढत असतो, आणि रंकाळ्याकडून धुकं येत असतं.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. तुमचं बघायचं का म्हशीचं, म्हणून ती विकली. तुम्हाला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. रोज सकाळी मी पिशवीचं दूध तापवून आणते, तुमच्या पाठीवरून हात फिरवते, म्हणते, "आज तीन लिटर दिलं. तुमची वाट बघती." आणि तुम्ही, नुसत्या वासावरून म्हशीनं काय खाल्लं ते सांगणाऱ्या, दोन घोट घेता. म्हणता, "आपलंच हाय. ग्वाड हाय." जन्मात माझ्या कशालाच छान म्हणाला नव्हतात.

नातीला विचारलं, दोघी एकमेकींना गोंजारत असतील तर काय म्हणायचं गं? पुस्तक चाळून म्हणाली, "तसा शब्द न्हाय, आज्जी."

हे पत्र कुठं धाडायचं नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवते. एकच सांगायचं राहिलं. एक दिवस माझ्या हातनं दूध करपलं होतं, आणि तेही तुम्ही ग्वाड म्हणालात. तेव्हाच मला कळलं, की तुम्हाला कळलंय. तरी दुसऱ्या दिवशी मी तीनच लिटर सांगितलं.